लांब ऑइल पाइपमुळे बेअरिंगचं प्रेशर पडत नाही

पोर्शे ९१४ मधलं चार सिलिंडरचं इंजिन काढून ९११ चं सहा सिलिंडरचं बसवणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ऑइल गार करणारा कूलर गाडीच्या पुढच्या भागात नेऊ नका, एवढ्या लांब पाइपांत ऑइलचं प्रेशर संपेल आणि बेअरिंग कोरडी पडतील. हे खरं नाही, आणि या भीतीपोटी कित्येक जण इंजिन विनाकारण तापवतात.

एअर-कूल्ड ९११ चं इंजिन ड्राय संपचं, म्हणजे ऑइल इंजिनच्या तळाशी नाही, वेगळ्या टाकीत राहतं. त्यात दोन पंप असतात. प्रेशर पंप टाकीतून ऑइल ओढून बेअरिंगांना देतो. स्कॅव्हेंज पंप तळाशी साचलेलं ऑइल उपसून टाकीकडे परत पाठवतो. पुढचा कूलर या परतीच्या वाटेवर असतो, बेअरिंगांच्या वाटेवर नाही.

काळजी घ्यायची ती टाकी ते इंजिन या सक्शन पाइपची. गार, घट्ट ऑइल इथे नुसतं ओढलं जातं, मागून ढकलणारं काही नसतं. पाइप जाड, आखूड हवा. काटकोनी फिटिंग टाळा. जुना रबरी पाइप बोटांनी दाबून बघा. सहज चपटा होत असेल, तर इंजिन तो आतल्या आत आवळून घेईल. क्लॅम्प ढिला असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही, पण आत हवा शिरते आणि प्रेशरचा काटा थरथरतो.

परतीचा पाइप एक्झॉस्टपासून लांब ठेवा. कूलरमध्ये ऑइल भरल्यावर टाकीतली पातळी उतरते. इंजिन गरम, आयडलवर चालू असताना ती पुन्हा तपासा.