आयबीएमचं 'येणं' दोन प्रकारचं: ट्रेड रिसिव्हेबल आणि फायनान्सिंग रिसिव्हेबल

अमेरिकन शेअर घेणारे आपल्याकडचे बरेच जण हल्ली थेट कंपनीचा वार्षिक रिपोर्ट उघडून बसतात, चांगलंच आहे, पण आयबीएमच्या बॅलन्स शीटवर आले की हमखास एक घोळ होतो. येणं ते येणं, असं धरून रिसिव्हेबल (म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) लिहिलेल्या सगळ्या ओळींची बेरीज करून मोकळे होतात आणि मग म्हणतात की या कंपनीची वसुली फारच ढिली आहे बुवा.

२०२३ च्या वर्षअखेरचे आकडे बघा. ट्रेडच्या ओळीत साधारण ७.२ अब्ज डॉलर. त्याच्याच खाली शॉर्ट टर्म फायनान्सिंग रिसिव्हेबल, त्यात परत दोन तुकडे, स्वतःकडे ठेवायचे ६.१ अब्ज आणि विकायला काढलेले ०.७ अब्ज. करंट असेट्स (वर्षाच्या आत रोख होणारी मालमत्ता) संपल्यावर अजून खाली लाँग टर्म फायनान्सिंग रिसिव्हेबल, ५.८ अब्ज. म्हणजे फायनान्सिंगचं येणं साडेबारा अब्जाच्या आसपास, ट्रेडच्या पावणेदोन पट.

ट्रेड म्हणजे साधी उधारी. माल दिला, सर्व्हिस दिली, बिल फाडलं, आता ठरलेल्या मुदतीत पैसे यायचेत. किराणावाल्याच्या वहीत महिनाभराचं सामान मांडलेलं असतं ना, तसंच, त्याच्यावर कोणी व्याज लावत नाही.

फायनान्सिंग म्हणजे चक्क कर्ज. समजा एखाद्या बँकेला मेनफ्रेम (आयबीएमचा भला मोठा कॉम्प्युटर) पाहिजे पण एकरकमी पैसे द्यायचे नाहीत, तर आयबीएमचाच फायनान्सिंग विभाग तिला तीन-चार वर्षांचे हप्ते बांधून देतो, लोन म्हणून किंवा लीज म्हणून, आणि त्यावर व्याज कमावतो. मशीन विकल्याचा रेव्हेन्यू इन्फ्रास्ट्रक्चर सेगमेंटमध्ये (म्हणजे हार्डवेअर विकणाऱ्या विभागात) सुरुवातीलाच दिसतो, व्याज मात्र फायनान्सिंगच्या खात्यात वर्षानुवर्षं थोडं थोडं येत राहतं. एकाच डीलमधून दोन वेगळ्या कमाया, आणि पैसा मात्र अजून गिऱ्हाइकाच्याच खिशात.

आता इथे अजून एक फसगत आहे. शॉर्ट टर्म फायनान्सिंग बघून लोकांना वाटतं की वर्षाच्या आत येणार म्हणजे ही पण उधारीच की. पण त्या ओळीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, एक म्हणजे लांबच्या कर्जांचे पुढच्या बारा महिन्यांत येणारे हप्ते, आणि दुसरी म्हणजे कमर्शियल फायनान्सिंग, म्हणजे आयबीएमचा माल विकणारे जे डिस्ट्रिब्युटर आणि रिसेलर आहेत त्यांना खेळत्या भांडवलासाठी दिलेला थोड्या मुदतीचा पैसा. पूर्वी तर दुसऱ्या कंपन्यांच्या मालासाठी पण देत होते, ते काम २०१९ मध्ये गुंडाळायला घेतलं. तर मुदत किती यावरून हे ओळखता येत नाही, पैसा मालाचं बिल म्हणून अडकलाय की कर्ज म्हणून दिलाय हे बघायचं. आणि विकायला काढलेले जे ०.७ अब्ज आहेत ना, ती कमर्शियलवाली येणी बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकायची सोय आहे, २०२० च्या डिसेंबरात तसा करार झाला. विकली की ती बॅलन्स शीटवरून जातात, म्हणजे फायनान्सिंगचा आकडा कमी दिसला तर धंदा आटला असंच काही नाही.

बेरीज केल्याने काय बिघडतं ते बघू. २०२३ चा रेव्हेन्यू होता ६१.९ अब्ज. नुसतं ट्रेड घेतलं तर वसुलीचे दिवस (येणं भागिले वर्षाचा रेव्हेन्यू, गुणिले ३६५) निघतात साधारण ४३, मोठ्या कंपन्यांना विकणाऱ्या धंद्यात ठीकठाक. सगळं येणं एकत्र टाकलं की तेच ११७ दिवस होतात आणि माणूस घाबरून शेअर विकायला निघतो. वर्षअखेरच्या एकाच आकड्यावर काढलेला ढोबळ हिशेब आहे हा, पण फरक केवढा पडतो बघा.

कर्जाच्या बाजूला पण हीच गंमत. २०२३ अखेर आयबीएमवर ५६.५ अब्ज कर्ज होतं, ऐकायला भयानक, पण त्यातलं ११.९ अब्ज फायनान्सिंग विभागाचं, म्हणजे त्या साडेबारा अब्जाच्या येण्यासमोर उचललेलं. या विभागात कर्ज आणि भांडवल साधारण ९ ला १ ठेवतात, फायनान्स कंपनी चालवावी तसंच. त्यामुळे मूळ धंद्यावरचं कर्ज बघायचं तर ४४.६ अब्ज बघा, माझ्या मते तोच आकडा कामाचा, आणि तोही काही लहान नाही.

बुडीताची तरतूद दोन्हीकडे करावी लागते. २०२० पासून अमेरिकन नियमाप्रमाणे पैसे बुडायची वाट न बघता पुढे किती बुडतील याचा अंदाज आधीच धरावा लागतो. पण रिपोर्टमधल्या फायनान्सिंगच्या टिपा जास्त वाचण्यासारख्या असतात, कर्ज कुठल्या वर्षी दिलं, गिऱ्हाईक इन्व्हेस्टमेंट ग्रेड (म्हणजे चांगल्या पतीचं) आहे का नाही, ९० दिवसांच्या वर हप्ता कोणाचा थकलाय, सगळे तक्ते तिथे मिळतात.

आणि कॅश फ्लो बघताना जरा जपून. २०२३ मध्ये ऑपरेशन्समधून आलेली कॅश १३.९ अब्ज, पण फायनान्सिंगच्या येण्यातला बदल बाजूला काढला की १२.७. मधले १.२ अब्ज हे दिलेली कर्जं वसूल होऊन किंवा विकून आलेले, नवीन कर्जवाटप वाढलं की हीच गोष्ट उलटी फिरते आणि चांगल्या वर्षातही कॅश कमी दिसते. म्हणून कंपनी स्वतःच फ्री कॅश फ्लो (खर्च भागवून हाती उरणारी कॅश) काढताना हा बदल वगळते, वर मशिनरी वगैरेचा खर्च वजा करते आणि ११.२ अब्ज सांगते. स्क्रीनर वेबसाइटवर (कंपन्यांचे आकडे एकत्र दाखवणाऱ्या) मात्र बऱ्याचदा १३.९ मधून नुसता कॅपेक्स, म्हणजे हाच मशिनरी वगैरेचा खर्च, वजा केलेला आकडा असतो, म्हणून दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत.