हंगेरीची ‘माग्यार कुपा’: क्लबचा प्रवेश, खेळाडूची पात्रता आणि लागणारी कागदपत्रे

हंगेरीतील फुटबॉलची राष्ट्रीय बाद पद्धतीची स्पर्धा ‘माग्यार कुपा’ या नावाने ओळखली जाते आणि ती हंगेरियन फुटबॉल महासंघ, म्हणजेच एमएलएसझेड, भरवतो. महासंघाची स्थापना 1901 मध्ये झाली, चषकाचा पहिला हंगाम 1909-10 मध्ये खेळला गेला आणि पहिले विजेतेपद बुडापेस्टच्या एमटीकेने मिळवले. 2022 मधील विजयासह फेरेन्त्सवारोशने हा चषक 24 वेळा जिंकला आहे. तरीही या स्पर्धेबद्दलची उत्सुकता मोठ्या क्लबांपेक्षा लहान क्लबांमुळे अधिक टिकून आहे. 1984 मध्ये दुसऱ्या श्रेणीतील शिओफोकने अंतिम सामन्यात ग्यॉरच्या राबा ईटीओला 2-1 असे हरवले होते, आणि 2023 मध्ये दुसऱ्याच श्रेणीतील बुदाफोकने अंतिम फेरीपर्यंत मजल मारली होती.

बुडापेस्ट, देब्रेत्सेन, सेगेद आणि पेच येथील विद्यापीठांत महाराष्ट्रातूनही विद्यार्थी जातात. त्यांच्यापैकी जे इथे शाळा-महाविद्यालयाकडून किंवा जिल्हा लीगमध्ये खेळलेले असतात, त्यांना तिथल्या एखाद्या हौशी क्लबात दाखल झाल्यावर या चषकाबद्दल प्रश्न पडणे साहजिक आहे. त्यातला पहिला प्रश्न बहुधा ‘अर्ज कुठे करायचा’ हा असतो. या स्पर्धेसाठी खेळाडूने स्वतंत्र अर्ज करायचा नसतो. प्रवेशाचा अर्ज क्लब करतो, खेळाडूची नोंदणीही क्लबमार्फतच होते, आणि खेळाडूच्या हातात उरते ती एकच गोष्ट, म्हणजे आपली कागदपत्रे एकमेकांशी जुळती ठेवणे. पुढील माहिती याच क्रमाने दिली आहे.

क्लबला प्रवेश कसा मिळतो

हंगेरीतील लीगची उतरंड ‘एनबी 1’, ‘एनबी 2’ आणि ‘एनबी 3’ अशी आहे. पहिल्या श्रेणीत 12 क्लब खेळतात, तिसरी श्रेणी गटांत विभागलेली आहे, आणि त्याखाली 19 परगण्यांच्या व राजधानी बुडापेस्टच्या स्वतंत्र लीग आहेत. (परगण्याला तिकडे ‘मेग्ये’ म्हणत, 2023 पासून ‘वारमेग्ये’ हे जुने नाव अधिकृतपणे पुन्हा वापरात आले आहे. त्यामुळे जुन्या आणि नव्या परिपत्रकांत दोन वेगळी नावे दिसली तरी गोंधळून जाण्याचे कारण नाही.) राष्ट्रीय श्रेणींतील क्लबांना चषकाच्या मुख्य सोडतीत थेट स्थान असते, मात्र सगळे एकाच फेरीत उतरत नाहीत. तळाचे क्लब आधी खेळतात आणि एनबी 1 चे क्लब नंतरच्या फेरीत येतात.

परगण्याच्या लीगमधील हौशी क्लबाला राष्ट्रीय सोडतीत यायचे असेल, तर त्याला आपल्या परगण्याच्या चषकातून यावे लागते. येथे एक बाब नीट लक्षात घ्यावी लागते, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. परगण्याचा चषक ज्या हंगामात खेळला जातो, त्याच हंगामाच्या राष्ट्रीय फेरीत त्यातून प्रवेश मिळत नाही, तर पुढच्या हंगामात मिळतो. याचा अर्थ असा की सप्टेंबरमध्ये हंगेरीत पोहोचलेला विद्यार्थी ज्या क्लबात दाखल झाला, तो क्लब आदल्या वर्षी परगण्यातून पात्र ठरलेला नसेल, तर त्या वर्षी राष्ट्रीय चषकाचा सामना त्याच्या वाट्याला येणार नाही; पण परगण्याचा चषक तो खेळू शकतो आणि पुढच्या वर्षीची वाट मोकळी करून ठेवू शकतो. कोणत्या परगण्याला किती जागा, हे त्या-त्या हंगामाच्या स्पर्धापत्रकावरून ठरते.

मोठ्या क्लबांचे दुसरे संघ तिसऱ्या श्रेणीत खेळत असले, तरी ते माग्यार कुपाच्या सोडतीत नसतात. एकाच क्लबाचे दोन संघ समोरासमोर येण्याचा प्रसंग त्यामुळे उद्भवत नाही आणि लहान क्लबांच्या जागाही अडत नाहीत. हा नियम योग्यच म्हणावा लागेल.

क्लबचा अर्ज आणि त्यासोबतची पूर्तता

प्रत्येक हंगामासाठी महासंघ एक स्पर्धापत्रक काढतो, त्याला हंगेरियनमध्ये ‘वेर्शेनकिईराश’ म्हणतात. अर्जाची अंतिम तारीख, प्रवेश शुल्क, फेऱ्यांच्या तारखा, बदली खेळाडूंची संख्या, मैदानाच्या अटी आणि शिस्तभंगाच्या तरतुदी या सर्व गोष्टी त्यात असतात. ऐकीव माहितीवर किंवा गेल्या वर्षीच्या पत्रकावर विसंबून राहू नये, कारण रचनेत वेळोवेळी बदल होत आले आहेत.

अर्ज कागदावर नव्हे, तर महासंघाच्या ‘आयएफए’ या संगणकीय प्रणालीतून भरला जातो. क्लबच्या वतीने ही प्रणाली वापरण्याचा अधिकार ज्याला दिलेला असतो, तोच तो भरू शकतो. लहान क्लबात हे काम बहुधा सचिवच पाहतो, म्हणून खेळाडूने प्रशिक्षकाइतकाच सचिवाशीही संपर्क ठेवावा. क्लबची कायदेशीर नोंदणी चालू असणे, महासंघाची थकबाकी नसणे आणि सामन्यासाठी मान्यताप्राप्त मैदान उपलब्ध असणे या बाबी अर्ज करण्यापूर्वीच निकाली काढलेल्या बऱ्या. राष्ट्रीय श्रेणींतील क्लबांसाठी परवाना पद्धत वेगळी असून तिच्यात आर्थिक व पायाभूत सुविधांच्या अटी येतात, पण हौशी खेळाडूचा तिच्याशी थेट संबंध येत नाही.

मैदानाबाबत एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. दोन वेगळ्या श्रेणींतील क्लबांची गाठ पडली, तर सामना खालच्या श्रेणीतील क्लबाच्या मैदानावर होतो. हीच तरतूद या स्पर्धेचा प्राण आहे, कारण तिच्यामुळे एखाद्या लहान गावाच्या मैदानावर एनबी 1 चा संघ येऊन खेळतो आणि त्या दिवशी अख्खे गाव मैदानाच्या कठड्याला लागून उभे असते. पण मान मिळतो तसा भारही येतो. सुरक्षा, प्रेक्षकांची व्यवस्था, पाहुण्या संघासाठी कपडे बदलण्याची खोली या सगळ्याची जबाबदारी यजमान क्लबावर पडते, आणि मैदान अटींत बसत नसेल तर सामना दुसरीकडे हलवावा लागतो.

खेळाडूची कागदपत्रे

हंगेरीत क्रीडाविषयक कायदा 2004 चा आहे, आणि त्यानुसार स्पर्धात्मक सामन्यात उतरण्यासाठी खेळाडूकडे स्पर्धा परवाना असावा लागतो. हा परवाना छायाचित्रासह एखाद्या क्लबाच्या नावाने निघतो. त्यासाठी ओळखपत्र किंवा पारपत्र, छायाचित्र, खेळाडूची सही असलेला नोंदणी अर्ज आणि अल्पवयीन असल्यास पालकांची लेखी संमती लागते. याशिवाय क्रीडा वैद्यकाने दिलेले तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र अनिवार्य असून त्याला मुदत असते. परवाना वैध पण वैद्यकीय मुदत संपलेली, अशा स्थितीत खेळाडूला मैदानात उतरता येत नाही. कुटुंबाच्या डॉक्टरचे साधे पत्र येथे चालत नाही, प्रमाणपत्र क्रीडा वैद्यकाचेच हवे.

आधी दुसऱ्या क्लबाकडून खेळलेल्या खेळाडूला हस्तांतरण करून घ्यावे लागते, आणि ते उन्हाळी व हिवाळी अशा ठरलेल्या कालावधींतच होते. फिफाच्या नियमानुसार एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते आणि त्यांपैकी फक्त दोन क्लबांसाठी तो अधिकृत सामने खेळू शकतो. चषकाचा सामनाही अधिकृत सामन्यातच मोडतो.

भारतातून गेलेल्या खेळाडूने काय करावे

भारतात कधी नोंदणी झाली होती का, हा येथे मूळ प्रश्न आहे. कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून, पुण्या-मुंबईच्या जिल्हा लीगमध्ये किंवा गोव्यातील क्लबाकडून खेळताना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत, म्हणजे ‘सीआरएस’मध्ये, नाव चढले असेल, तर हंगेरीतील नोंदणीपूर्वी आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र आवश्यक ठरते. आपण हौशी होतो, एक पैसाही घेतला नव्हता, हे कारण त्यासाठी पुरेसे नाही. प्रमाणपत्र हौशी खेळाडूलाही लागते. ते मागण्याची रीत अशी, की नवा क्लब हंगेरियन महासंघाकडे नोंदणीचा अर्ज करतो, तो महासंघ फिफाच्या संगणकीय प्रणालीतून भारतीय महासंघाकडे मागणी पाठवतो, आणि भारतीय महासंघ जुन्या क्लबाकडे विचारणा करून प्रमाणपत्र देतो. खेळाडूने स्वतः ते मिळवून हातात न्यायचे नसते. फिफाच्या नियमांनुसार हे प्रमाणपत्र विनाशुल्क दिले जाते, म्हणून ‘ते काढून देतो’ असे सांगून रक्कम मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे.

जायच्या आधी मात्र इथे एक काम उरकून घेता येते. आपला सीआरएस क्रमांक शोधून ठेवावा, त्यातील नाव व जन्मतारीख पारपत्राशी पडताळावी, आणि जुन्या क्लबाच्या सचिवाला आपण परदेशी जात असल्याचे सांगून ठेवावे. विचारणा आल्यावर जुना क्लब उत्तरच देत नाही, यामुळे वेळ जाण्याची शक्यता मोठी असते, आणि परदेशात बसून फोन करण्यापेक्षा निघण्यापूर्वी प्रत्यक्ष भेटणे केव्हाही सोपे. ज्याची कुठेच नोंदणी नव्हती, त्याने तसे अर्जात स्पष्ट लिहावे. नोंदणी असताना ती लपवणे अंगाशी येऊ शकते.

वय 18 पेक्षा कमी असेल, तर फिफाचे नियम आंतरराष्ट्रीय नोंदणीला सरसकट परवानगी देत नाहीत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असल्यास अपवाद मिळू शकतो, पण त्यासाठी पालकांच्या नोकरीचे व वास्तव्याचे पुरावे, जन्मदाखला अशी वेगळी कागदपत्रे जोडावी लागतात. मूळ दाखले हंगेरियनमध्ये भाषांतरित करून मागितले, तर ते भाषांतर प्रमाणित असावे लागते, आणि हंगेरीत असे भाषांतर करणारी ‘ओफी’ ही संस्था सर्वपरिचित आहे.

आता नावाचा प्रश्न. मराठी माणसाला तो किरकोळ वाटतो, पण प्रत्यक्षात सर्वाधिक त्रास तोच देतो. हंगेरियन पद्धतीत आडनाव आधी आणि स्वतःचे नाव नंतर लिहितात; वडिलांचे नाव मधे घालण्याची आपली रीत तिकडे नाही. त्यामुळे पारपत्रात ‘दिलेले नाव’ या रकान्यात स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र असेल, तर ते तसेच्या तसे सगळीकडे उतरवावे, एका अर्जात वगळून दुसऱ्यात घालू नये. त्याहून अवघड रकाना आईच्या नावाचा. हंगेरीतील जवळपास प्रत्येक सरकारी व संस्थात्मक अर्जात व्यक्तीची ओळख पटवण्यासाठी आईचे जन्मनाव विचारतात, म्हणजे आपल्या भाषेत माहेरचे नाव. आपल्याकडे पारपत्रावर आईचे सासरचे नाव छापलेले असते, अनेकींचे तर लग्नानंतर पहिले नावही बदललेले असते. निवास परवान्यासाठी एक नाव दिले आणि फुटबॉलच्या नोंदणीत दुसरे, तर दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे कार्यालयाला कळायला मार्ग राहत नाही. निवास परवान्याच्या नोंदीत जे लिहिले गेले आहे, तेच अक्षरनअक्षर क्लबच्या सचिवाला द्यावे, हा यावरचा साधा उपाय.

निवास परवाना शिक्षणासाठी मिळालेला असेल, तर हौशी म्हणून खेळण्यात अडचण येऊ नये. क्लब खर्चापलीकडे मोबदला देऊ लागला, लेखी करार झाला, की फिफाच्या व्याख्येनुसार खेळाडू व्यावसायिक ठरतो आणि मग कामाच्या परवान्याचा विषयही निघतो. अशा वेळी सही करण्यापूर्वी परकीय नागरिकांच्या कार्यालयाकडे चौकशी करणे इष्ट.

जाता जाता एवढे सांगायला हरकत नाही, की 2024 आणि 2025 अशी लागोपाठ दोन वर्षे अंतिम सामन्यात फेरेन्त्सवारोशला नमवणारा पक्श हा डॅन्यूबकाठच्या, अणुवीज केंद्रासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाचा क्लब केवळ हंगेरियन खेळाडू घेऊन खेळण्यासाठी ओळखला जातो. परदेशी खेळाडूने आपली फाइल घेऊन तिथे जाण्यात अर्थ नाही.

सामन्याच्या दिवशी

सामन्यापूर्वी दोन्ही संघांची यादी आयएफए प्रणालीतील सामना अहवालात भरली जाते आणि पंच परवान्यावरील छायाचित्रे व खेळाडू पडताळून पाहतात. ज्याची नोंद प्रणालीत पूर्ण झालेली नाही, त्याचे नाव यादीत घालू नये, कारण अपात्र खेळाडू उतरवल्यास मैदानावरचा निकाल रद्द होऊन सामना 3-0 असा प्रतिस्पर्ध्याला दिला जाऊ शकतो. बाद पद्धतीत त्याची भरपाई करायला दुसरा सामना नसतो. बरोबरी झाल्यास जादा वेळ आणि नंतर पेनल्टी यांतून निकाल लावला जातो. 2025 चा अंतिम सामना 1-1 राहिल्यावर पक्शने तो पेनल्टींवर 4-3 असा जिंकला.

अंतिम सामना 2020 पासून बुडापेस्टच्या पुश्काश अरेनात होत आला आहे, तिथे सुमारे 67 हजार प्रेक्षक बसतात. विजेत्याला युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत स्थान मिळते. पक्शने ते दोन्ही वेळा युरोपा लीगच्या पहिल्या पात्रता फेरीतून घेतले, पण युरोपातील प्रवेशासाठी युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेचा परवाना क्लबाकडे स्वतंत्रपणे असावा लागतो आणि चषक जिंकल्याने तो आपोआप मिळत नाही.

सप्टेंबरात विद्यापीठ सुरू होणाऱ्या विद्यार्थ्याने ऑगस्टमध्येच क्लबाशी पत्रव्यवहार सुरू करून पारपत्राची प्रत आणि सीआरएस क्रमांक पाठवावा, म्हणजे हस्तांतरणाची मागणी उन्हाळी कालावधी संपण्यापूर्वी निघते. वैद्यकीय तपासणी तिथे पोहोचल्यावरच करावी. उन्हाळी कालावधी हुकला, तर क्लबच्या सचिवाकडून अर्ज हिवाळी कालावधीसाठी तयार करून घ्यावा आणि तोवर सरावाला जात राहावे.