टर्बो पुन्हा का जातो? इंजिन बंद करण्याआधी हे वाचा

(बोअरची गाडी, हार्वेस्टर, ऊस वाहतुकीचे ट्रक आणि ट्रॅक्टरधारकांसाठी)

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा. "नवीन टर्बो टाकला, तरी लगेच तेल फेकायला लागला," ही तक्रार आमच्या टर्बो वर्कशॉपमध्ये वरचेवर येते. खोलून पाहिले की बहुतेक वेळा शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) आणि त्याला धरणाऱ्या बुशांवर तेलाचा कोळसा चिकटलेला असतो. हा दोष टर्बोचा नाही, भर लोडवरून इंजिन खटकन बंद करण्याचा आहे.

फुल लोडला टर्बोत शिरणारा धूर ६०० ते ७०० अंश सेल्सिअस असतो. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत. तेच तेल उष्णताही वाहून नेते. इंजिन बंद केले की तेल थांबते, पण तापलेल्या बिडाची धग बुशांकडे येतच राहते आणि आत अडकलेले तेल जळते. म्हणून जड कामानंतर तीन ते पाच मिनिटे इंजिन स्लोवर चालू ठेवा. तेवढे डिझेल नव्या टर्बोपुढे काहीच नाही. सुरू केल्यावरही लगेच रेस करू नका.

टर्बोवाल्या छोट्या विमानांत या धुराच्या तापमानाचा काटा पायलटसमोरच असतो. त्यांतल्या बऱ्याच इंजिनांना मर्यादा ९०० अंशांच्या आसपास असते. आपल्या गाड्यांत बहुधा हा काटा नसतो, म्हणून लोडवर येणारा काळा धूर हीच खूण समजा: हवा कमी पडते आहे, आत तापमान चढते आहे. सोयाबीनच्या काढणीत एअर फिल्टर रोज बघा, पण जोराच्या हवेने झोडू नका, कागद फाटतो. इंटरकूलरचे (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज तपासा. ताकद वाढावी म्हणून पंपाचे डिझेल वाढवून घेतले असेल, तर ते आम्हाला आधी सांगा.

टर्बोला तेल पोचवणारा फीड पाइप आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय आम्ही गॅरंटी देत नाही, यावर काहीजण नाराज होतात. जुन्या पाइपातला कोळसा सुटून नव्या बुशांत जातो, म्हणून हा आग्रह. बसवताना तेलाच्या भोकात स्वच्छ तेल घाला, शाफ्ट हाताने फिरवा, फ्लँजला (पाइप जोडायच्या तोंडाला) सिलिकॉन लावू नका. त्याचा तुकडा तेलाची वाट अडवतो. मग डिझेल बंद ठेवून, तेलाचे प्रेशर येईपर्यंत स्टार्टर थांबून थांबून मारा.

आमचा प्रत्येक कोअर (टर्बोचा शाफ्ट-बुशांचा मधला भाग) बॅलन्स करूनच देतो, गॅस्केट सोबत असतात. जुना टर्बो आणताना धुऊन आणू नका, पाइपसकट आणा. कारण त्या काजळीतच सापडते.