टिल्ट टेबल चाचणी

वारंवार शुद्ध हरपणे, उभे राहिल्यावर घेरी येणे किंवा छाती धडधडणे यांचे कारण शोधण्यासाठी केली जाणारी तपासणी. रुग्णाला टेबलावर पट्ट्यांनी बांधतात, टेबल उभे कलते करतात आणि रक्तदाब व ईसीजी यांची सलग नोंद घेतात. कारण न सापडलेल्या मूर्च्छेत ही चाचणी उपयोगी पडते, हे रोझ ॲन केनी व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले.

माणूस उभा राहिला की सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. लगेच रक्तवाहिन्या आवळतात, नाडी थोडी वाढते आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. टेबलावर पाय स्थिर असल्याने स्नायूंची मदत जवळपास थांबते व सगळा भार चेतासंस्थेच्या प्रतिसादावर येतो. म्हणूनच रुग्णाने चुळबुळ केली, या पायावरचा भार त्या पायावर घेतला, तर येऊ घातलेली मूर्च्छा टळते आणि चाचणी वाया जाते.

रुग्णाला २ ते ४ तास उपाशी ठेवतात. खोली शांत व मंद उजेडाची असावी. आधी किमान ५ मिनिटे आडवे झोपवतात; शिरेत सुई घातली असेल तर २० मिनिटे, कारण सुईच्या वेदनेनेच काहींना भोवळ येते. मग टेबल ६० ते ७० अंशांपर्यंत उचलतात. तळपाय पायपाटावर टेकलेले हवेत. दंडावरचा पट्टा ठरावीक अंतराने फुगतो आणि रक्तदाब नेमका मधल्या वेळात कोसळतो, म्हणून बोटाला लावायचे, ठोक्यागणिक दाब मोजणारे यंत्र वापरतात. ते बोट हृदयाच्या पातळीत राहिले पाहिजे. हात १० सेंटिमीटर खाली घसरला, तर रक्तदाब पाऱ्याच्या सुमारे ८ मिमीने जास्त दिसू शकतो.

२० मिनिटांत काही घडले नाही, तर सहसा जिभेखाली नायट्रोग्लिसरीन या रक्तवाहिन्या सैलावणाऱ्या औषधाचा फवारा (३०० ते ४०० मायक्रोग्रॅम) देऊन आणखी १५ ते २० मिनिटे थांबतात. औषधाविना चाचणी ४५ मिनिटांपर्यंत चालवता येते. शुद्ध जाताच टेबल १५ सेकंदांच्या आत आडवे झाले पाहिजे. संथ टेबलावर मेंदूचा रक्तपुरवठा विनाकारण जास्त वेळ खुंटतो.

नोंदीचा आकार निदान सांगतो. नेहमीच्या मूर्च्छेत रक्तदाब बराच वेळ टिकतो. मग जांभया, मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, आणि दाब व नाडी दोन्ही घसरतात. काहींचे हृदय ३ सेकंदांहून जास्त थांबते. त्या वेळी हातपाय झटकले जातात व ते अपस्मारासारखे दिसते. पहिल्या ३ मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० मिमीने उतरून तसाच राहिला, तर तो उभे राहिल्यावरचा अल्परक्तदाब. दाब न घसरता १० मिनिटांत नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी (१२ ते १९ वर्षे वयात ४० ने) वाढून टिकली आणि सोबत त्रासही झाला, तर पॉट्सचा (उभे राहिल्यावर नाडी अवाजवी वाढण्याच्या विकाराचा) विचार करतात. डोळे मिटून रुग्ण निपचित पडला, पण दाब व नाडी उत्तम आहेत, तर ती मानसिक कारणांची छद्ममूर्च्छा असू शकते. तो त्रासही खराच असतो.

कधी मूर्च्छा न आलेल्या निरोगी व्यक्तीचाही दाब या टेबलावर पडतो. त्यामुळे आकड्यांइतकेच महत्त्व रुग्णाच्या उत्तराला: ‘घरी होते ते हेच का?’ उत्तर नाही असेल, तर निकालावर विसंबू नये. निकाल नकारार्थी आला तरी नेहमीची मूर्च्छा नाकारता येत नाही, आणि औषध लागू पडले का हे पाहण्यासाठी ही चाचणी योग्य नाही.

महाधमनीची झडप किंवा हृदयाच्या मुख्य रोहिण्या फार अरुंद असल्यास चाचणी टाळतात. सिल्डेनाफिल (लैंगिक दुर्बलतेवरचे औषध) घेतलेल्याला नायट्रोग्लिसरीन देत नाहीत. उठल्यावर पहिल्या १५ सेकंदांत येणारी अंधारी या टेबलावर सहसा सापडत नाही, कारण ती स्वतःच्या स्नायूंनी झटकन उठल्याने येते. तिच्यासाठी बोटावरचे यंत्र तसेच ठेवून रुग्णाला स्वतः उठून उभे राहायला सांगतात.