चष्मेवाला, पूर्व आफ्रिकेतील डोंगरी

इथिओपिया, केनिया व उत्तर टांझानियातील उंच डोंगरांवरच्या सदाहरित जंगलांत राहणारे छोटे गाणारे पक्षी. लांबी सुमारे 11–12 सेंमी., वजन दहा ग्रॅमच्या आसपास. सह्याद्रीत थव्यांनी फिरणारा आपला चष्मेवाला आणि हे पक्षी एकाच, झॉस्टेरोप्स या प्रजातीतले. या ग्रीक नावाचा अर्थ ‘डोळ्याला पट्टा असलेला’; त्यापेक्षा मराठी नाव कितीतरी बोलके आहे.

डोळ्याभोवतीचे पांढरे कडे म्हणजे कातडी नव्हे. ती दाट, बारीक पिसांची ओळ असते. आपल्याकडच्या पक्ष्याचे कडे अरुंद असते. आफ्रिकेच्या या डोंगरी पक्ष्यांचे कडे मात्र चांगले रुंद, त्यामुळे इवल्याशा डोक्यावर डोळा फार मोठा वाटतो. डोंगराखालच्या कोरड्या झुडपी रानात फिरणारे त्यांचे भाऊबंद फिकट पिवळे व अरुंद कड्याचे असतात. त्यामुळे पक्षी डोंगरावरचा की मैदानातला, हे कडे पाहूनच बहुधा कळते.

डोंगरावरचा पक्षी नेमका कोणता, हे ठरवायला कपाळ आणि पोट पाहावे लागते. किकुयू चष्मेवाला मध्य केनियातला, अ‍ॅबरडेअर रांगा व माउंट केनियाच्या परिसरातला. त्याचे कपाळ ठसठशीत पिवळे आणि पोट पिवळसर हिरवे. किलिमांजारो चष्मेवाला उत्तर टांझानियात किलिमांजारो, मेरू अशा पर्वतांवर आढळतो. तो अंगभर हिरवट असतो व त्याच्या कपाळावर तो पिवळा पट्टा नसतो. आग्नेय केनियातील तैता चष्मेवाल्याचा गळा पिवळा, पण छाती व पोट राखाडी. इथिओपियातला डोंगरी चष्मेवालाही राखाडी पोटाचाच. त्याच्या शास्त्रीय नावातील पोलिओगॅस्ट्रस या शब्दाचा अर्थच ‘राखाडी पोटाचा’ असा आहे.

या सगळ्यांना पूर्वी एकाच जातीच्या उपजाती मानत. रुंद कडे आणि डोंगरी वस्ती सारखी असल्याने तसे वाटणे साहजिक होते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने ते चित्र पालटले: हे डोंगरी पक्षी एकमेकांचे सर्वांत जवळचे नातेवाईक नाहीत. सपाट कोरड्या प्रदेशाने वेढलेले असे डोंगर पक्ष्यांच्या दृष्टीने बेटेच असतात. त्यामुळे पक्षी कोणत्या डोंगरावर दिसला, ही पिसांच्या रंगाइतकीच पक्की खूण आहे, आणि नोंदवहीत ती सर्वांत आधी लिहावी.

तैता चष्मेवाला फक्त तैता टेकड्या आणि जवळच्या कासिगाऊ पर्वतावर आढळतो. त्सावोच्या रुक्ष मैदानातून वर उठलेल्या या टेकड्यांच्या माथ्यांवर ढग अडतात व त्या ओलाव्यावर जंगल जगते. शेतीसाठी आणि निलगिरी, पाइनच्या लागवडीसाठी तोड होत गेल्याने मूळ जंगलाचे आता तुकडे उरले आहेत. न्गांगाओ आणि म्बोलोलो हे त्यांतले मोठे. चाविया तर शंभर हेक्टरांहूनही लहान. किकुयू चष्मेवाला जंगलाच्या कडेला आणि बागांतही निभावून नेतो. तैताच्या पक्ष्याला मात्र मूळ जंगलाचाच आधार लागतो, म्हणून तिथला प्रत्येक तुटलेला वृक्ष त्याला महागात पडतो.

विणीचा हंगाम सोडला तर हे पक्षी थव्याने हिंडतात. कीटक, छोटी फळे आणि फुलांतला मध हे त्यांचे खाणे. घरटे छोट्या वाटीसारखे, फांदीच्या बेचक्यात अडकवलेले.

जंगलात आधी ऐकू येतो तो थव्याचा बारीक, किंचित केविलवाणा आवाज; मग उंच शेंड्यांत पानांची हालचाल दिसते. खालून पाहताना पोटच तेवढे नीट दिसते आणि फसगतही तिथेच होते. पानांतून गाळून आलेल्या उजेडात राखाडी पोटावर हिरवी झाक चढते. पक्षी उघड्या फांदीवर येईपर्यंत दुर्बीण खाली घेऊ नये. घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलाला तर पांढरे कडेही नसते. असा बिनचष्म्याचा हिरवट पक्षी दिसला, तर त्याला चारा भरवायला कोण येते याची वाट पाहावी.