जननी सुरक्षा योजना वेगळी, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम वेगळा, भट्टीवरच्या बाईला कागद नसले तर कोणतं काय भेटते

दिवाळी झाली की आपल्याकडे भंडारा, नागपूर, चंद्रपूरच्या वीटभट्ट्यांवर छत्तीसगड, मध्य प्रदेशातून कुटुंबंच्या कुटुंबं येतात, त्यात दिवस गेलेल्या बाया पण असतात. राशन कार्ड गावी सासऱ्याजवळ, आधार हरवलेलं, बँकेचं खातं कधी काढलंच नाही. मंग कोणीतरी सांगते, "तुह्याजवळ कागद नाही, सरकारी दवाखान्यात काही भेटत नाही," आणि ती बाई झोपडीतच बाळंत होते. लय राग येते याचा, कारण सांगणाऱ्यानं दोन योजना एकात कालवल्या असतात.

जननी सुरक्षा योजना ही २००५ ची, ती पैशाची. महाराष्ट्रात खेड्यातली बाई सरकारी दवाखान्यात बाळंत झाली तर ७०० रुपये, तेही दारिद्र्यरेषेखालची नाहीतर एससी-एसटी असेल तरच. पैसे खात्यात येतात म्हणून पासबुक लागते, जातीचा किंवा बीपीएलचा पुरावा लागते. इथं कागदावाचून अडतेच, खोटं काहून बोला.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ चा. यात हातात पैसा येत नाही, पण दवाखान्यात खर्चही करावा लागत नाही. जात, उत्पन्न, कितवं बाळंतपण, काहीच अट नाही, फक्त सरकारी दवाखान्यात यायचं. नॉर्मल असो की सिझर, औषधं, तपासण्या, रक्त लागलं तर रक्त, सगळं फुकट, नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस जेवण, न्यायला गाडी, मोठ्या दवाखान्यात पाठवलं तर तिथपर्यंत गाडी, सुट्टी झाल्यावर घरी सोडायला पण गाडी, १०२ ला फोन लावायचा. आणि मला सगळ्यात मोठं वाटते ते बाळाचं: आधी आजारी बाळावर ३० दिवसांपर्यंतच मोफत इलाज होता, नंतर तो एक वर्षापर्यंत वाढवला. थंडीत झोपडीत जन्मलेलं कमी वजनाचं लेकरू गार पडते, दूध ओढत नाही, त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावं लागते, प्रायव्हेटमध्ये हाच खर्च केला तर पुढच्या सीझनची उचल त्यातच जाते. ७०० रुपये बुडाले तर बुडाले हो, पण त्या ७०० च्या कागदापायी हा इलाज काहून सोडायचा?

खिडकीवर आधार मागतात, ते ऑनलाइन नोंदीसाठी. नाही म्हणून सांगायचं, नाव-वय-पत्त्यावर नोंद करा म्हणायचं, आणि तरी परत पाठवत असतील तर डॉक्टरांना गाठायचं. दिल्ली हायकोर्टानं २०१० मध्येच सांगितलं आहे की बाई गरीब असो की कोणी असो, गर्भवतीला कोणत्याही टप्प्यावर इलाज नाकारता येत नाही.

तुमच्या गावाजवळ भट्टी असेल तर आशाताईला तिथं घेऊन जा, माता बाल संरक्षण कार्ड काढून घ्या. लेकराच्या लसी त्यावरच लिहितात, आणि पावसाळ्याआधी ते लोक गावी निघाले की कार्ड सोबत न्यायला सांगा, म्हणजे पुढचे डोस कोणते राहिले ते तिकडच्या सिस्टरला पाहता येते.