इलेक्ट्रिक रूमच्या दाराला लावलेली वीट

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की काही इमारतींच्या इलेक्ट्रिक रूमचं दार वीट लावून सताड उघडं ठेवलेलं दिसतं. देशभरातले फायर ऑफिसर जिथे घडतात ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय याच शहरात आहे, तरीही. पॅनल तापतात, हे खरंच. पण त्या विटेपायी आग अडवण्याची सगळी तजवीज वाया जाते.

२०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सबस्टेशनसारख्या खोल्या बाकी इमारतीपासून १२० मिनिटं आग अडवणाऱ्या भिंतींनी तोडाव्या लागतात. ही मिनिटं चाचणीच्या भट्टीत मोजलेली असतात. भट्टी पाचव्या मिनिटालाच सुमारे ५७६ अंशांवर जाते, दोन तासांनी १०४९ वर. तेवढा वेळ भिंत पडता कामा नये, ज्वाळा पलीकडे जाता कामा नयेत आणि पलीकडची बाजू सुरुवातीच्या तापमानापेक्षा सरासरी १४० अंशांहून जास्त तापता कामा नये. ही तिसरी अट फारशी कुणाला माहीत नसते. भिंत शाबूत राहिली तरी पलीकडून फार तापली, तर तिला टेकवलेली खोकी आणि जुन्या गाद्या पेटू शकतात.

खरा घोळ होतो तो भोकांत. इंटरनेटवाला येतो, शाफ्टमध्ये, म्हणजे केबल मजल्यामजल्यांतून वर नेणाऱ्या उभ्या पोकळीत, स्लॅबला ड्रिल मारतो, केबल ओढतो, निघून जातो. खाली आग लागली की गरम धूर त्याच भोकातून वर चढतो. केबलचं प्लास्टिक जळालं की भोक आणखी मोठं. म्हणून शाफ्ट प्रत्येक मजल्यावर, त्या मजल्याइतक्याच अग्निरोधक मालाने बंद करायचा असतो. खास सीलंट उष्णता लागताच तेलात सोडलेल्या पापडासारखं फुगतं आणि जळालेल्या प्लास्टिकची जागा भरून काढतं. बाजारातला पिवळट स्प्रे फोम दिसायला नीट, पण साधा फोम स्वतःच पेटतो. मला तर तो उघड्या भोकापेक्षा धोक्याचा वाटतो, कारण काम झाल्यासारखं दिसतं.

मग उकाड्याचं काय? हवा थेट बाहेरून घ्यावी, बाहेरच सोडावी. डक्ट भिंत ओलांडत असेल तर तिथे फायर डॅम्पर हवा. त्यातला वितळणारा दुवा साधारण ७० अंशांना सुटतो आणि झडप बंद होते.

महाराष्ट्रात २००६ च्या कायद्यानुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘फॉर्म बी’ दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. तो फॉर्म देणाऱ्या एजन्सीचा माणूस आला की त्याला शाफ्टचं दार उघडायला लावा आणि बॅटरी मारून स्लॅबची भोकं बघा.